गुप्त राहतील म्हणून घेतलेली उत्तरं

चाकणच्या एका कंपनीने माझ्या धाकट्या भावाला फसवलं. चाचणी गुप्त आहे, मोकळेपणाने उत्तरं द्या, असं सांगितलं. त्याने दिली. तीच उत्तरं वाचून त्याला घरी बसवलं. काही लोक याला गैरसमज म्हणतात. मी भोसरीत जुन्या लेथ मशिनी घेतो आणि विकतो. गंजावर मारलेला नवा रंग मला रस्त्यावरून ओळखू येतो, त्यामुळे गैरसमज वगैरे मला सांगू नये.

भाऊ त्या कंपनीत क्वालिटीला होता. साच्यातून निघालेले लोखंडी भाग त्याच्या टेबलावर यायचे. छोट्या हातोडीने हलकं ठोकायचं आणि कान द्यायचा. भाग चांगला असेल तर खणखणीत वाजतो, आत भेग असेल तर बद्द. शेजारी मशिनींचा गोंगाट चालू असताना हा फरक सगळ्यांना ऐकू येत नाही, त्याला यायचा. तिथे नियम एकच होता. शंका आली की भाग बाजूला काढायचा, वाद घालायचा नाही. त्या नियमावरच त्याने नाव मिळवलं होतं.

दिवाळीनंतर तो बदलला. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. दाढी वाढली. माझी बायको मला म्हणाली, "भाऊजी एकटे असले की कुणाला तरी उत्तरं देतात. तुम्ही जरा विचारा." मी विचारलं. "ओव्हरटाइम जास्त झालाय, दादा," म्हणाला आणि उठून गेला.

त्याच सुमारास कंपनीने सगळ्यांच्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. मनाचं आरोग्य तपासा, उत्तरं गुप्त राहतील. रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात बसून ती भरत होता. मी चहा घेत शेजारीच होतो. कोणी तुमच्यावर नजर ठेवतं असं वाटतं का? हो, त्याच्या टेबलावरच कॅमेरा होता. इतरांना न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का? हो, त्याचाच तर पगार मिळत होता. जिथे नक्की सांगता येत नव्हतं, तिथेही तो 'हो'वर बोट ठेवत गेला.

"अरे, सगळ्याला हो काय?" मी ओरडलो.

"शंका आहे दादा. शंका असली की हो."

"ते लोखंडाला! इथं तू आहेस!"

"खरं लिहा म्हटलंय ना त्यांनी."

शेवटी पडद्यावर लाल गोल आला. गंभीर मानसिक आजाराची शक्यता जास्त, तज्ज्ञांना भेटा. त्याने मोबाइल माझ्याकडे सरकवला आणि हळूच विचारलं, "म्हणजे मी वेडा का, दादा?" मी त्या कंपनीला, त्या मोबाइलला आणि तो बनवणाऱ्याला शिव्या दिल्या.

थोड्याच दिवसांत गेटवर त्याचं कार्ड चालेना. मी त्याला घेऊन थेट मनुष्यबळ खात्याच्या साहेबाच्या केबिनमध्ये शिरलो.

"हे गुप्त होतं ना?"

"गुप्तच आहे. फक्त संबंधितांना दिसतं."

"संबंधित कोण?"

"सिस्टिम असते भाऊ."

"सिस्टिमने गेट बंद केलं? तिला बोलवा की इकडे."

"आवाज खाली घ्या. उद्या लाइनवर काही झालं तर जबाबदार कोण?"

"आणि याला काही झालं तर?"

साहेब पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला. भाऊ उभाच होता. एवढा वेळ त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं आणि त्याच्याशी कोणी अवाक्षर बोललं नाही. शेवटी साहेब म्हणाला, मानसोपचार डॉक्टरांचं पत्र आणा.

आकुर्डीला एक वयस्कर डॉक्टरबाई बसतात, त्यांच्याकडे गेलो. आमच्या धंद्यात समोरच्याने सांगितलेला पहिला भाव कधीच खरा नसतो, तो खाली आणायचा असतो. मी रिक्षातच ठरवलं होतं. खुर्चीवर टेकताच सुरू केलं, "बाई, पत्रात नुसता ताण लिहा. मोठं नाव नको. तरुण पोरगा आहे, लग्न व्हायचंय. काहीतरी कमी करा."

"तुम्ही काय करता?"

"जुन्या मशिनींचा व्यवहार."

"मशीन न बघता भाव करता?"

"छे!"

"मग मला आधी यांच्याशी बोलू द्या." मग त्या भावाकडे वळल्या. "दादांना इथे थांबू द्यायचं की बाहेर पाठवायचं? तुम्ही सांगा."

त्याला असं कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. "थांबू दे त्यांना," तो म्हणाला. "पण बोलू नका म्हणावं." बाई हसल्या. मी गप्प बसलो. माझ्यासाठी ते सोपं नाही.

तो लाल गोल त्यांनी पाहिला आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. झोप कशी आहे, जेवण जातं का, हे आधी विचारलं. मग एकेक प्रश्न घेतला. कॅमेऱ्याचं ऐकून म्हणाल्या, "तो तर खरंच बघतोय, त्यात तुमचं काय चुकलं?" भाऊ हसला. हातोडीचं त्याने समजावलं, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कामाचं हे सगळं वजा करू. मागे काय उरतं?"

तो खाली बघत म्हणाला, "मी पास केलेल्या भागातून एक माणूस बोलतो. म्हणतो, तू भेग सोडलीस, आता माणसं मरणार. घरी आलो तरी बोलतो."

मी रोज त्याच घरात होतो.

बाईंनी घाईने काही लिहिलं नाही. "फार दिवस एकट्याने सोसलंत," एवढंच म्हणाल्या. त्याच्या डोळ्यांना धार लागली. मग त्यांनी नीट सांगितलं. मोबाइलवरची चाचणी फक्त डॉक्टरकडे जा म्हणू शकते, आजार ठरवू शकत नाही. आजाराचं नाव त्या आज देणार नव्हत्या, त्यासाठी त्याला काही काळ भेटत राहावं लागेल. पण त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत. लवकर आलात, बरं झालं.

औषधाने झोप आली. तो माणूस आता कमी बोलतो, असं भाऊ सांगतो. पण खरं किती सांगतो ते मला माहीत नाही, बाईंनाही नाही. आवाज येतो का, असं विचारलं की तो आधी विचारतो, "हे कोणाला दिसणार?" दर वेळी. बाई कागद त्याच्याकडे फिरवतात, काय लिहिलंय ते वाचायला देतात. तरी कधी कधी तो जमिनीकडे बघून "नाही" म्हणतो. औषध वाढवायचं की कमी करायचं, हे त्याच्या उत्तरावर ठरतं. जो माणूस नुसती शंकाही लपवायचा नाही, त्याला खोटं बोलायला त्या कंपनीने शिकवलं, आणि तेही नेमकं खरं बोलणं औषधाइतकंच गरजेचं असताना.

बाईंचं पत्र कंपनीला दिलं. प्रक्रियेनुसार कळवू, असं उत्तर आलं. मला प्रक्रिया नको, माणूस हवा. माझ्या भावाची उत्तरं पहिल्यांदा कोणी उघडली? कोणाला दाखवली? याला आत घेऊ नका, हे कोण म्हणालं? जो म्हणाला, त्याने आमच्या घरी यावं आणि माझ्या भावाला तोंडावर सांगावं, की त्याने आता कोणाला आणि कशाच्या भरवशावर खरं सांगायचं.