तोंड माझंच होतं

टॉवेलच्या कारखान्यात मी तीस वर्षं माग चालवले. बायको तिथंच मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या खात्यात सुतावरचा कापूस इतका उडतो, की दुपारपर्यंत बायकांच्या भुवया पांढऱ्या होतात. नाकातोंडावर पदर बांधायचा, एवढाच बंदोबस्त. परदेशी गिऱ्हाईक येणार असलं की सकाळी मास्क वाटायचे, ते गेलं की गोळा करून परत घ्यायचे. आम्हाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पाहुणे आले की पेटीतली चांगली चादर काढतात, तसंच हे, असं समजायचो. गाढव होतो.

एकदा मॅनेजरनं गिऱ्हाइकाला दाखवायच्या व्हिडिओसाठी मला कॅमेऱ्यापुढं उभं केलं. जुना माणूस म्हणून. इथं कसलाच त्रास नाही, हे पढवलेलं बोललोच, वर फुशारकीत आपलंही घातलं. "माझी घरचीबी हितंच हाय. तिला कदी साधा खोकला न्हाय."

ती चार हातांवर मास्क लावून उभी होती, खोकला दाबून.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "माजं कशाला मधी आणलं?"

मी म्हणालो, गप जेव.

औंदा ती गेली. खोकूनच.

महिन्यानं तिच्याशेजारी कांड्या भरणारी बाई कुंभारीहून घरी आली. तिलाही आता धाप लागते. तिनं खातं बदलून मागितलं, तर मॅनेजरनं माझा व्हिडिओ तिच्यापुढं धरला.

"मामा, तुमीच बोललाय की," ती म्हणाली.

मला माझ्या थोबाडाची शिसारी आली. तिला घेऊन तडक ऑफिसात गेलो. ते खोटं होतं, पुसून टाका म्हणालो. मॅनेजरनं चहा सांगितला अन् हसून म्हणाला, "मामा, ते तुमचं वैयक्तिक मत होतं. कारखान्याचा काय संबंध?"

बाईला परतवायला तेच मत कारखान्याचं, मी खोटं म्हणालो की माझं. थू. पण खरी घाण वाटली ती पुढचं आठवून. खोकल्याचं त्यानं पढवलं नव्हतं. ते माझंच होतं.

पाळी सुटताना गेटवर उभा राहिलो. बाईला मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लावला. बायका थांबल्या.

"माजी बायको ह्या कापसानं खोकून मेली. खोकला न्हाय म्हणून मी सांगितलं हुतं. मालकानं न्हाय, मी."

एक म्हातारी तेलुगूत पुटपुटली. कारखान्यात निम्म्या बायका तेलुगू, तीस वर्षांत तेवढी मला येते. ती जिवंत होती तवा जीभ कुठं होती, असं म्हणाली.

बाईचं खातं अजून बदललेलं नाही. मॅनेजर माझा तो जुना व्हिडिओ मात्र आता कुणाला दाखवत नाही.