माप चुकले

छावणीच्या शिलाईखान्यात मावशीची बावीस वर्षं गेली. एखाद्या हवालदाराचं पोट सुटलं की तो पँट घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मावशी, कापड आटलंय." मावशी त्याच्या कमरेला टेप लावून म्हणायची, "कापड आटलंय, की मेसमधला आचारी तुमच्या प्रेमात पडलाय?" सगळा शिलाईखाना हसायचा.

मुलींच्या बाबतीत मात्र ती थट्टा करत नसे. नवी भरती झालेली पोरगी पहिल्या महिन्यात शर्ट अंगाबरोबर करून मागायची. पुढे तीच कधीतरी खाली मान घालून यायची, "मावशी, दोन बोटं ढिला करा." कुणाला गळ्याशी जास्तीचा हूक हवा असे, कुणाला पँटला आतून दुसरं बटण. वजन कुणाचंच वाढलेलं नसायचं, उलट गालफडं बसलेली असायची. मावशी समजायचं ते समजायची आणि विचारायची नाही. गणवेश शिवतानाच ती शिवणीत भरपूर माया सोडायची, म्हणजे पुढे उसवून सैल करता यायचा. त्या पोरींच्या वाट्याला छावणीत तेवढीच काय ती माया.

प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहावी लागे, आणि शेवटचा रकाना कारणाचा. वही चार टेबलांवरून फिरायची. पोरीची चारचौघांत शोभा नको, म्हणून मावशी तिथे वळणदार अक्षरात लिहायची, 'माप चुकले'. खरं तर मापात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एवढा आळ स्वतःवर घेतल्याने कुणाची अब्रू झाकली जात असेल तर आपलं काय जातंय, असं तिला वाटे. भलेपणाही कधी कधी चोराच्याच कामी येतो, हे तिला कोण सांगणार?

मग एका दुपारी भांडारात नेमणूक झालेली तिची सख्खी भाची शर्ट घेऊन आली. बहिणीचा विरोध असताना मावशीनेच तिला भरती व्हायला लावलं होतं. "मी आहे ना तिथे," असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

"गळ्याशी एक हूक लाव," भाची म्हणाली.

मावशीच्या हातातली कात्री थांबली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं, "कोण?"

"भांडारसाहेब. सामान लावायचंय म्हणून आत बोलावतात आणि दार लोटून घेतात." शर्ट टेबलावर ठेवत ती म्हणाली, "तक्रार कुणाकडे करायची? तक्रारपेटीची किल्लीच त्यांच्याकडे असते."

कुंपणच शेत खात होतं. मावशीचं डोकं फिरलं. "थेट वर अर्ज दे. माझी वही आहे. चार वर्षांत भांडारातल्या अकरा पोरींचे गणवेश मी सैल केलेत. तारखा आहेत, नंबर आहेत. बघू कसे सुटतात ते."

भाचीने अर्ज दिला. चौकशी लागली. त्या अकरा पोरी काही बोलल्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय एका दिवसात जात नाही. राहिली ती मावशीची वही.

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधल्या बाईसाहेब शांत होत्या, त्यांनी मावशीला बसायला खुर्चीही दिली.

"ही वही तुमचीच ना? कारणाचा रकाना वाचता का?"

"माप चुकले," मावशीने वाचलं. "बाईसाहेब, ते मी पोरींची लाज राखायला लिहिलं."

"म्हणजे खोटं लिहिलं?"

"हो."

"अकरा वेळा?"

"हो."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. हात दाखवून अवलक्षण, तेही स्वतःच्या सुंदर अक्षरात.

दहाव्या दिवशी निकाल लागला: आरोप सिद्ध होत नाही. भाचीची 'तिच्याच सोयीसाठी' लांब बदली झाली. भांडारसाहेब होते तिथेच राहिले. वारंवार मापं चुकतात म्हणून मावशीला मात्र ताकीद मिळाली.

निघताना भाची दारात उभी राहिली. "तू एकदा जरी खरं लिहिलं असतंस, मावशी," म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. त्यानंतर बहिणीचा फोन आला नाही.

दोन महिन्यांनी भाचीच्या जागी आलेली मुलगी शर्ट घेऊन आली. "दोन बोटं ढिला करा."

मावशीने शिवण उसवली, आतली माया सोडवली, नवी टीप घातली. मग वही पुढे ओढली. या खेपेला खरं लिहायचं, नोकरी गेली तरी चालेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पेन कारणाच्या रकान्यावर आलं, तशी मुलीने तिचं मनगट धरलं.

"माप चुकलं म्हणूनच लिहा, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या भाचीचं काय झालं ते आम्हाला सगळ्यांना माहितीये."

मुलीने हात सोडला नाही. शेवटी मावशीने तेच लिहिलं, आणि या वेळी अक्षर वळणदार आलं नाही.