मशीनचं कुंकू

आमच्या वर्कशॉपमध्ये फौजेच्या रेडिओसेटची कार्डं, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, दुरुस्त होतात. इतकी वर्षं मी मीटर लावून एकेक कार्ड हातानं तपासायची. मग आलं ते ऑटोमॅटिक मशीन. कार्ड खोबणीत खोचा, बटण दाबा, हिरवा दिवा म्हणजे पास, लाल म्हणजे फेल. सोबत कंपनीचा इंजिनिअर, पोरसवदा, गोडबोल्या. गोडबोल्या माणसावर माझा विश्वासच नाही. साहेबांनी सांगून टाकलं, मशीनचे आणि दीदींचे, म्हणजे माझे, निकाल जुळले तर दीदींचं टेबल राहील, नाही तर दीदी स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे खोकी रचणं. माझ्या जिवाला घोरच लागला.

खंडेनवमीला आम्ही अवजारं पुजतो. चेरीताल मोहल्ल्यातल्या घरून मी कुंकवाचा करंडा नेला. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकड, सगळ्यांना कुंकू लावलं. मशीनला नाही लावलं, मुद्दामच. माझं टेबल गिळायला आलेल्याला मी काहून पुजू? करंडा टेबलावर ठेवून घरी आले.

दसऱ्यानंतर मशीन माझी कार्डं फेल करू लागलं. एखादं नाही, सगळीच. माझ्या मीटरवर तीच कार्डं ठणठणीत. म्हटलं, हा पोट्टाच आतून काहीतरी करून राहिला. मशीन खरं ठरवायचं तर मला खोटं पाडायलाच पाहिजे ना! मी त्याच्यावर पाळत ठेवली. घरी नवरा म्हणाला, "अगं, काहून त्या पोराच्या मागे लागून राहिली?" ह्यांना काय जातंय बोलायला, ह्यांचं टेबल शाबूत आहे.

एकदा तो जेवायला गेला तसा मी टॉर्च घेऊन खोबणीत डोकावले. पिनांवर लाल पूड चिकटलेली. सापडला चोर! तो आल्याबरोबर मी दाखवलं, "ये क्या डाला है?"

त्याचा चेहरा उतरला. "आपका ही कुमकुम है, दीदी. आपने सबको लगाया, बस इसको छोड़ दिया. मुझे अच्छा नहीं लगा. आपके जाने के बाद मैंने लगा दिया, ठीक खाँचे के ऊपर."

मला लाज वाटली, खरंच वाटली. दोघांनी मिळून ब्रशनं, स्पिरिटनं पिना पुसल्या. कार्डं पास होत गेली.

साहेब आले. "क्या निकला?"

पोरगा मान खाली घालून उभा. खरं सांगितलं असतं तर त्याचं सामान बांधलं गेलं असतं, आणि मला तर तेच हवं होतं.

"धूल थी, सर," मी म्हटलं.

साहेब गेल्यावर ती सगळी कार्डं मी परत माझ्या मीटरवर तपासली; मशीनशी एकूणएक निकाल जुळला. तो शेजारी बसून एकेक कार्ड हातात देत राहिला.