सैल वायर

मंडईमागे विज्ञान प्रदर्शनाचे तयार प्रकल्प विकणारे एक गृहस्थ होते. चष्मा कायम कपाळावर आणि पाठ कायम गिऱ्हाइकाकडे. लेकीला घेऊन मी गेलो, तेव्हा त्यांनी वळूनही न बघता विचारलं, "प्रकल्प कुणाचा? मुलांचा की पालकांचा?"

"मुलीचा. सहावीत आहे. ज्वालामुखी दाखवा."

"संपले. यंदा एकट्या कर्वेनगरात अकरा फुटणार आहेत. पवनचक्की न्या."

लेकीलाही पवनचक्कीच आवडली. घरी येऊन पाती फिरवली, तर दिवा लागेना. लेक पुढे सरसावली. पण मी पडलो सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस. तिला बाजूला करून मी सैल वायर शोधली, घट्ट बसवली आणि दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो.

गृहस्थ पहिल्यांदाच वळले.

"ती वायर मी मुद्दाम सैल ठेवतो. मुलांनी शोधावी म्हणून. बाकी सगळं विकतचंच असतं ना! तुम्ही शोधलीत? अभिनंदन. आपण कितवीत?"

प्रदर्शनात परीक्षक शेजारच्या टेबलाशी होते, तेवढ्यात मी हळूच ती वायर पुन्हा सैल केली. ते आमच्याकडे आले. लेकीने पाती फिरवली, दिवा लागला नाही. तिचा चेहरा उतरला. मग ती वाकली, तिने एकेक वायर हलवून बघितली, नेमकी सैल वायर शोधून घट्ट बसवली आणि पुन्हा पाती फिरवली. दिवा लागला.

"काय बिघडलं होतं?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही सर," ती म्हणाली, "बाबांनी हात लावला होता."