आबांचं बीपी आणि हरभऱ्यातली शेळी

बीपी मोजायला नुसतं मशीन पुरत नाही, घर गप्प बसावं लागतं. आणि आमच्या साखरा गावात घर गप्प म्हणजे कुणीतरी गेलं, असाच समज. मोजण्याआधी चहा नको, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेका, दंड उघडा ठेवा, अशी आरोग्य केंद्राची पत्रकं मी गावोगाव वाटते. लोक त्यात शेंगदाणे बांधून नेतात. चीड येते!

पण खरा वैताग घरात होता. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, आबांना, बजावलं होतं, "आठवडाभर घरी मोजून आणा. आकडा असाच चढा राहिला तर गोळी वाढवू." मागं एकदा वाढवली तेव्हा शेळ्या चारताना आबांना बांधावर चक्कर आली होती. पुन्हा तसं झालं तर शेळ्या विकायच्या, असं मायनं ठरवूनच टाकलं होतं.

पहिल्याच सकाळी आबा ओसरीवर मांडी घालून बसले, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच बांधलेला. तेवढ्यात शेजारचे काका आले. काका आले म्हणजे चहा आला. मी आबांचा कप उचलला.

"चहा काहून नेला?"

"मोजायचंय. बोलू नका."

"पाव्हण्याम्होरं मुक्यावानी बसू का?"

"व्हय!"

काका म्हणाले, "पोरगी लई कडक हाय. सासर मिळनं कठीण."

"मिळालं तर त्यायचंबी मोजीन."

पट्टा फुगला आणि नेमकी आमची शेळी काकांच्या हरभऱ्यात शिरली. "हुर्रर्र! निघ तिथून!" आबा बसल्या जागेवरून गरजले. आकडा एकशे सत्तरच्या वर.

दुसऱ्या दिवशी मी आबांना खुर्चीत बसवलं, तोंड भिंतीकडे, दार बंद. स्वतः मागं उभी राहिले. "मूठ आवळू नका! पाय हलवू नका! लोणचं खाऊ नका म्हणून किती सांगितलं..." आकडा तसाच.

माय चुलीपासून उठून आली. "आदी तुजं तोंड बंद कर. तुज्या भाषणानंच चढून राह्यलंय त्यायचं. जा, शेळ्याकडं बघ."

नियम माझे, मशीन माझं, आणि मीच शेळ्यांमागं! परतले तर मशीनवर आकडा एकशे चौतीस. माझा विश्वास बसेना. पण पुढं आठवडाभर मला रोज असंच हाकललं आणि आकडाही तिथंच राहिला.

दवाखान्यात आबांनी सांगून टाकलं, "सायेब, पोरगी घरात नसली की बराबर येतंय."

डॉक्टर हसायला लागले. मी म्हटलं, "हसू नका. पट्टा फुगत असताना तुम्हीसुद्धा आबांना पीकपाणी विचारता."

डॉक्टरांनी आठवडाभराचे आकडे कागदावर उतरवून घेतले. गोळी आहे तेवढीच राहिली. शेळ्याही राहिल्या.