पडलेला प्रसाद

धावड्याहून सकाळच्या एसटीने निघाले. भोकरदनच्या अलीकडे टायर फुटला. सगळे खाली उतरले. मी बांधावर बसून भाकर-ठेचा खाऊन घेतला. शेतात कापूस फुटला होता. नवीन जालन्याला पोचेपर्यंत ऊन कललं होतं.

"चर्चला? तुमचं काय काम तिथं, आजी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"तू बराबर रिक्षा चालव."

मला म्हाताऱ्या फादरांना भेटायचं होतं. ते मूळचे वसईचे. आमच्या गावात त्यांनी बरीच वर्षं दवाखाना चालवला आणि आमचीच बोली उचलली. त्यांच्या मिस्सेला (त्यांच्या पूजेला) मी मागे बसायचे. शेवटी ओंजळ पुढे केली की ते डोक्यावर हात ठेवायचे, प्रसाद द्यायचे नाहीत. तो फक्त बाप्तिस्मा (त्यांच्या धर्माची दीक्षा) झालेल्यांना. मला राग यायचा. प्रसादाला कोणी नाही म्हणतं का?

आता त्यांना लकवा होऊन गेला होता.

"जित्ते हायेत का अजून?" मी म्हणाले.

"तुमचीच वाट पाहून राह्यलो, पारूबाई." ते हसले, पण उजवा हात थरथरत होता.

तिथल्या तरुण फादरांनी मला बाजूला घेतलं. "आजी, मिस्सा हाच त्यांचा जीव आहे. पण त्यांनीच ठरवलंय, ख्रिस्तशरीर हातातून पडलं की थांबायचं."

ख्रिस्तशरीर म्हणजे गव्हाची पातळ चकती. मंत्र म्हटल्यावर ती भाकर राहत नाही, देव होते, असं ते मानतात.

संध्याकाळच्या मिस्सेला मी पुढच्या बाकावर बसले. म्हातारे फादर प्रसाद वाटू लागले. एका बाईसमोर चकती त्यांच्या बोटांतून निसटली आणि माझ्या पायाशी आली. त्यांना कळलंच नाही. रिकामी बोटं तिच्या तळहातावर टेकवून ते म्हणाले, "ख्रिस्तशरीर." तिने तळहात पाहिला, "आमेन" म्हणाली आणि मूठ मिटून निघून गेली.

प्रसाद जमिनीवर ठेवायचा नसतो. मी उचलला, कपाळाला लावला, तोंडाजवळ नेला. तेवढ्यात म्हाताऱ्या फादरांनी पाहिलं.

"पारूबाई, इकडं द्या ते."

"खाते मी, फादर. कुणाला कळून राह्यलंय?"

"मला कळलं न्हाई, बाई. तेच वाईट."

त्यांनी ती चकती स्वतः खाल्ली. वाटी तरुण फादरांच्या हाती दिली आणि खुर्चीत जाऊन बसले.

सकाळी मिस्सा तरुण फादरांनी केली. म्हातारे फादर रांगेत त्या बाईच्या मागे, हात पुढे करून उभे होते.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. माझ्या नवऱ्याला नांगर धरवेना तेव्हा तो बांधावर बसून मजुरांना शिव्या तरी द्यायचा. फादरांना तेही जमायचं नाही. मी गेले नसते तरी ती चकती पडलीच असती. पण ते पाहायला मी तिथे नको होते.