धसकामावशीची वात

धसकामावशी घाबरली की आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हिंदकळायचं. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, रिक्षाचं फुटलेलं टायर, जिन्यातली मांजर, तिला काहीही चालायचं. एकदा पापडाला मोठा फोड आला म्हणून तिने अशी किंकाळी ठोकली की उधना स्टेशनात उभी असलेली भुसावळची गाडी सिग्नल न मिळताच सुटली. मी सांगते त्यातलं निम्मंच खरं धरा. पण निम्मं नक्की धरा.

बाकीच्या भीती हौसेच्या होत्या. आगीची भीती मात्र खरी होती. आमच्या इमारतीत सगळे खानदेशातून इथे कामाला आलेले, आणि माणसांपेक्षा साड्या जास्त राहतात. कुणी लेस लावतं, कुणी टिकल्या चिकटवतं, कुणी धागे कापतं. पलंगाखाली गठ्ठे, पलंगावर गठ्ठे, पाहुणा आला तर त्यालाही गठ्ठ्यावरच बसवायचं. सगळा माल पॉलिस्टर. मावशी म्हणायची, "सुती लुगडं जळालं तर राख होते. ही साडी जळत नाही बाई, वितळते. अन् माणसाला धरून बसते." तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ताणल्यासारखा चकचकीत होता. त्या हाताची गोष्ट मी लोकांना निरनिराळी सांगितली आहे, एकीत वाघसुद्धा आहे. खरं एवढंच, की नवी नवरी असताना तिचा पदर निरांजनाला लागला आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून तिचं एक वाक्य ठरलेलं. कुणीही पेटत्या दिव्याजवळून उठलं की ती अहिराणीत ओरडायची, "उठू नको वं, दिवा एकला शे!" दिवा एकटा आहे. जणू दिवा म्हणजे रांगतं पोर, पाठ फिरली की खाटेवरून पडेल.

अशा बाईच्या घरात सून आली ती मेणबत्त्या करणारी! कोमलने मोबाइलवर बघून सोयाचं मेण मागवलं, काचेचे ग्लास आणले, मोगऱ्याचा वास आणला. मावशीने तीन वेळा देवाला हात जोडले आणि पदर खोचून सुनेशेजारी बसली. मी म्हटलं, "मावशी, तू? आणि मेणबत्त्या?" तर म्हणाली, "घरात आग येणारच असंल, तर माझ्या डोळ्यांदेखत येऊ दे." पुढे कोमलला दिवस गेले, तिला मेणाच्या वासाने मळमळायला लागलं, आणि तिच्या जागी मी घुसले. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. मी बोलायचं, मावशीने घाबरायचं.

तुम्ही म्हणाल, घाबरणं हे काय काम झालं? एकदा सोयाच्या मेणात वात निवडून बघा. वात बारीक पडली तर ज्योत मधोमध विहीर खणते आणि आपल्याच मेणात बुडून मरते. जाड पडली तर डोक्यावर काजळीची छत्री धरते, धूर ओकते आणि काच तापवते. ग्लास किती उंच आहे याला काही अर्थ नाही, तोंड किती रुंद आहे ते बघायचं. आणि बघूनही भागत नाही. प्रत्येक नव्या ग्लासात वेगवेगळ्या जाडीच्या वाती लावून, जाळून, शेवटपर्यंत बसून राहावं लागतं. मी अर्ध्या तासात जांभया द्यायला लागायचे. मावशी पापणी हलवत नसे. पितळी परातीत ग्लास, परातीत वाळू, बाजूला स्टीलचं झाकण, आणि समोर ती, शिकाऱ्यासमोर ससा बसावा तशी.

अधूनमधून ती उलटा हात काचेला लावायची, तापातल्या पोराच्या गळ्याला लावतात तसा. हात टिकला तर वात पास. टिकला नाही तर लगेच, "इले ताप उना!" हिला ताप आला म्हणून ती वात बाद. फुंकर मात्र कधी मारायची नाही. दिव्याला तोंडाने फुंकायचं नसतं, हे तिच्या आईने शिकवलेलं. झाकण ठेवायचं, हात जोडायचे, "शांत व्हा" म्हणायचं. धूर नाही, मेणाचा शिंतोडा नाही. कतारगामच्या एका हिरेवाल्या शेठला माल दाखवायला गेलो आणि त्याने आमच्या पेटत्या ग्लासवर फुंकर मारली, तेव्हा मावशीने त्याच्याच कारखान्यात त्याला असं झापलं की हिऱ्यांची चमक उतरली. "ओ बेन, मारी भूल थई गई," म्हणत त्याने मेणबत्तीची माफी मागितली. हे मात्र पूर्ण खरं आहे.

अशी ही बाई चुकली ती एकदाच. तेही गिऱ्हाइकासाठी नाही, पोरासाठी.

तिचा भूषण, कोमलचा नवरा, इच्छापोरच्या कारखान्यांत ठेक्यावर जातो. उंच शेडच्या पत्र्यांवर चढून रंग मारायचं काम. त्या वर्षी नवरात्रात मावशीने त्याच्यासाठी अखंड दिवा बोलला. नऊ दिवस ज्योत विझता कामा नये. तेलाचा दिवा वाऱ्याने हलतो, म्हणून तिने लोणच्याची मोठी काचेची बरणी काढली, वाळूच्या परातीत ठेवली, गळ्यापर्यंत सोयाचं मेण ओतलं आणि मध्ये स्वतः वळलेली, तुपात भिजवलेली, करंगळीएवढी जाड वात उभी केली. मी म्हटलं, "मावशी, ही वात जाड नाही का?" तर माझ्यावरच उखडली. "माझा भूषण आभाळाला हात लावतो. त्याला बारीक वात पुरंल काय?"

पहिले दिवस बरे गेले. मेण उतरत गेलं तशी ज्योत बरणीच्या पोटात गेली आणि आत उकाडा कोंडला. अष्टमीच्या दुपारी मी गेले, तर बरणीचा गळा काळा पडलेला, आत ज्योत वीतभर, आणि मावशी भिंतीला टेकून उभी. तिने उलटा हात काचेला लावायला नेला आणि न लावताच मागे घेतला. परातीपासून हातभर अंतरावर कोमलच्या साड्यांचे गठ्ठे होते.

"झाकण ठेव!" मी ओरडले.

"अखंड शे वं," ती म्हणाली. आवाज असा, की मला ऐकू आला नाही, ओठ हललेले दिसले. "भूषण वर चढेल शे." तो त्या वेळी पत्र्यावर चढलेला होता.

कोमलने फोन लावला. फोन वाजत राहिला. कामावर त्यांचे फोन खाली जमा करतात, हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं. तरी तिने पुन्हा लावला. काचेतून बारीक आवाज आला. टिक्.

या आवाजाने मावशीने किंकाळी फोडायला हवी होती. इमारत पडायला हवी होती. तिने फडताळातून विक्रीचा एक छोटा ग्लास काढला, बारीक वातीचा, पास झालेला. कोमलला म्हणाली, "पोटातल्या लेकराला घेऊन जिन्यात जा." मला म्हणाली, "रत्ना, गठ्ठे ओढ." मी गठ्ठे असे ओढले की एक थेट खालच्या मजल्यावर जाऊन पडला. आणि तिने एक लांब उदबत्ती घेऊन तो जळालेला हात बरणीच्या तोंडावर नेला.

उदबत्ती काठाला लागली, मागे आली. पुन्हा आत गेली. तिच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि ती पुटपुटत होती, "मना भूषण, मना भूषण." माझा भूषण. उदबत्तीच्या टोकाला ज्योत धरली. तिने ती वर आणली, छोट्या ग्लासच्या वातीला टेकवली. वात धरेना. मग धरली. मावशीने बरणीवर झाकण ठेवलं, हात जोडले, "शांत व्हा" म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरते तोच बरणी उभी चिरली. मेण परातीतल्या वाळूत पसरलं आणि तिथेच थिजलं.

ती माझ्याकडे वळली. "ज्योत तीच शे ना वं?"

"तीच आहे मावशी. फक्त वात बदलली."

मग ती किंचाळली. साठवून ठेवलेली, सगळी. शेजारपाजारचे धावत आले. संध्याकाळी भूषण आला, हातापायाला हिरवा रंग, आणि त्याने विचारलं, "आई, चहा?" तिने आधी त्याला उलट्या हाताने गळ्याशी चाचपलं, मग चहा ठेवला.

मागच्या थंडीत मावशी गेली. दुपारची जरा पडली ती उठलीच नाही. मांजर दिसली तरी किंचाळणारी बाई, जाताना हूं नाही की चूं नाही. तिच्या जागी पीठ पसरून दिवा ठेवायचा होता. पलसाण्याहून आलेल्या तिच्या जावेने जाड वात वळून आणली. म्हणाली, "दहा दिवस होईतो राहिला पाहिजे." कोमलने माझ्याकडे बघितलं. मी ती वात बाजूला ठेवली, पास झालेल्या बारीक वातीचा ग्लास मांडला, आणि समईची ज्योत त्याच्या वातीवर घेतली. गठ्ठे दुसऱ्या खोलीत हलवले. परातीत वाळू घातली.

सगळे जेवायला उठले. जाऊ म्हणाली, "चल गं रत्ना, दिवा काही पळून जात नाही." मी उठणार होते. उठतानाच छातीत असं धस्स झालं की पाय जागेवर राहिले. वाटणीतलं तिचं काम माझ्याकडे आलं होतं. मी उलटा हात काचेला लावला. ताप नव्हता. तरी बसूनच राहिले.

"तुम्ही जेवा," मी म्हटलं. "दिवा एकला शे."